रांग टाळा, पण कुणाला मागे ढकलून नको



दिवाळी जवळ आली की आमच्या बीडमध्ये निम्म्या घरांत एकच बेत शिजत असतो. मुलगा पुण्याला, मुलगी पुण्याला, नातवंडं पुण्याला. मग चला पुण्याला. तिथं गेलं की मुलांना शनिवारवाडा दाखवायचा, आणि शनिवारवाडा म्हटलं की रांग. भाच्या-पुतण्या विचारतात, "काकू, तुम्ही इतक्या वेळा गेलात, रांग टाळायची कशी?" प्रश्न सोपा आहे, पण उत्तराच्या दोन बाजू आहेत. एक बाजू सोयीची आणि दुसरी धर्माची. आधी सोयीची सांगते.

वाड्याच्या दारात गर्दी अडते याचं कारण आधी समजून घ्या. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला या वाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. उत्तरेकडचा दिल्ली दरवाजा बांधतानाच असा बांधला की कुणी झुंडीनं आत घुसू नये. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून दारावर लोखंडी सुळे, माणसांसाठी छोटी दिंडी, आणि आत गेल्यावर लगेच वळण. शत्रूला अडवायला केलेल्या दारातून आज आपण सुट्टीच्या दिवशी शेकडोंनी आत जायला बघतो. मग दार अडणारच. तिथल्या रखवालदारावर खेकसून काय उपयोग?

आता वेळेचं गणित. शनिवार, रविवार आणि दिवाळीची सुट्टी, त्यातही दुपारी चारनंतर, ही सगळ्यात वाईट वेळ. पुणेकर फिरायला निघतात आणि बाहेरगावचे परतीच्या आधी "तेवढा वाडा बघून घेऊ" म्हणतात. याउलट मधल्या वारी सकाळी दार उघडतं तेव्हा पोचलात तर शांतपणे बघता येतं. आपल्याला हे जड नाही. नवकारसी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, म्हणजे कार्तिकात साडेसातच्या आसपास. ती पाळून, पोटात काहीतरी घालून निघालं की वाडा उघडायच्या वेळेला आपण दारात. चौविहार पाळणाऱ्यांना संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत घरी जेवायला पोचायचंच असतं. आपला दिवस गर्दीच्या दिवसाच्या उलटा चालतो. त्याचा फायदा घ्या की!

महिन्याचंही तसंच. दिवाळी चातुर्मासात येते. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि साधू-साध्वीजींचा विहार सुरू होतो. आपल्या घरांत प्रवासाचे बेत पूर्वीपासून त्यानंतरच ठरायचे. तोवर शाळांच्या सुट्ट्याही संपत आलेल्या असतात. फक्त डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली सुरू होतात, आणि त्या मधल्या वारी सकाळीच येतात. दारात दोन-तीन बस दिसल्या तर आधी शेजारचा लालमहाल आणि कसबा गणपती बघून या. तासाभरात मुलं पुढं गेलेली असतात.

गाडी घेऊन जाऊ नका. गाडी लावायला जागा शोधण्यात जो वेळ जातो, तोही रांगेतच धरा. मेट्रोचं महापालिका स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

तिकिटाचा हिशोब माझ्या आवडीचा, कारण मी शेवटी बी.कॉम. पुरातत्त्व खात्याच्या अशा वास्तूंना भारतीयांना रोखीनं २५ रुपये पडतात आणि मोबाईलवर काढलं तर २० रुपये. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. चार मोठी माणसं असतील तर २० रुपये वाचतात आणि खिडकीची रांगही वाचते. तिकीट घरूनच काढून ठेवा. दारात उभं राहून ओटीपीची वाट बघणाऱ्या चारजणांमुळे मागचे चाळीस खोळंबतात. आणि १८ एप्रिल, म्हणजे जागतिक वारसा दिन. त्या दिवशी बहुतेकदा प्रवेश मोफत असतो. पण २५ रुपये वाचवायला दोन तास उन्हात उभं राहणं हा तोट्याचा व्यवहार आहे, आणि वाड्याच्या आत सावली फार थोडी. १८२८ साली लागलेली आग सात दिवस धुमसत होती असं म्हणतात. लाकडी मजले, दिवाणखाने सगळे गेले. उरली ती तटबंदी, दरवाजे, जोती आणि कारंजी. तेव्हा टोपी, पाणी बरोबर हवंच.

हीच युक्ती वेरूळला तर फारच लागू पडते. तिथं सगळे आधी सोळा नंबरच्या कैलास लेण्यावर तुटून पडतात. आपली जैन लेणी ३० ते ३४, पार उत्तरेच्या टोकाला. त्यांतली ३२ नंबरची इंद्रसभा सकाळच्या शांततेत बघावी, भगवंतांसमोर दोन मिनिटं डोळे मिटावेत आणि मग उलट दिशेनं कैलासकडे यावं. सगळं जग एकीकडून येतं, आपण दुसरीकडून. फक्त मंगळवारी वेरूळ बंद असतं आणि सोमवारी अजिंठा, एवढं लक्षात ठेवा. आपल्या जिल्ह्यातून पहाटे निघून, मंगळवारी बंद दारापर्यंत जाऊन परतलेली कुटुंबं मला माहीत आहेत.

इथवर सोय झाली. आता दुसरी बाजू.

रांग टाळण्याचे आणखी तीन मार्ग लोक वापरतात आणि त्यांबद्दल मला आज स्पष्ट बोलायचं आहे. पहिला, ओळख काढणं. "साहेबांचा फोन आलाय" म्हणत बाजूच्या दारानं आत जायचं. दुसरा, पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला गोड बोलून त्याच्या आधी घुसायचं. तिसरा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पुढं करायचं.

या तिसऱ्याचा अनुभव सांगते. मागच्या डिसेंबरात एका प्रेक्षणीय ठिकाणी आम्ही अकराजण होतो. ज्येष्ठांना रांगेशिवाय सोडत होते. पुतण्या म्हणाला, "काकू, तुम्ही पुढं व्हा, आम्ही तुमच्या मागोमाग येतो." मी म्हटलं, "गुडघे माझे दुखतात, तुमचे अकराजणांचे कधीपासून दुखायला लागले?" मी एकटीच एका सुनेला सोबत घेऊन गेले आणि आत बाकावर बसून राहिले. बाकीचे पंचवीस मिनिटांनी आले. पुतण्या तोंड फुगवून होता. म्हणाला, "काकू, एवढं काय? सगळेच करतात."

सगळेच करतात, हे मान्य. पण हिशोब करून बघू. कॉलेजात आम्हाला द्विनोंदी पद्धत शिकवली. एका खात्यात जमा झालं की दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात तेवढंच नावे पडतं. नुसतं जमा असं काही नसतंच. रांगेचंही तसंच आहे. समजा दोनशे माणसं उभी आहेत आणि आम्ही दहाजण पुढं घुसलो. प्रत्येकाची दोन मिनिटं गेली म्हणू. दोनशे गुणिले दोन, चारशे मिनिटं. म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं. आमची पंचवीस-तीस मिनिटं वाचली आणि लोकांचे साडेसहा तास गेले. ही तेरीज जुळते का? आणि त्या दोनशे जणांत मांडीवर बाळ घेतलेली बाई असते, सकाळपासून उपाशी असलेला मधुमेहाचा माणूस असतो. त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

आपण श्रावक-श्राविका अचौर्याचं अणुव्रत म्हणतो. न दिलेलं घ्यायचं नाही. त्याचा अर्थ आपण पैसा, वस्तू, जास्तीत जास्त वजनमाप असा लावतो. दुकानात माप कमी भरलं तर पाप, हे आपल्याला लहानपणापासून पक्कं माहीत आहे. मग दुसऱ्याचा वेळ न विचारता घेतला तर ते काय? माझ्या मते तीही चोरीच. उलट पैसा परत करता येतो, गेलेला वेळ परत देता येत नाही. म्हणून मी ही चोरी जास्त मोठी समजते.

काहीजणी म्हणतील, "मग मोबाईलवर तिकीट काढणं हीसुद्धा रांग मोडणंच की." हा मुद्दा मी बराच विचार करून सोडवला. मोबाईलचं तिकीट काढणारा कुणाची जागा घेत नाही, उलट खिडकीवरचं एक माणूस कमी करतो. मागच्याचा वेळ वाचतो. सकाळी लवकर जाणाराही तसाच. त्याच्या लवकर येण्यानं दुपारच्या रांगेतला एक कमी होतो. रांग टाळण्याची कसोटी मी एवढीच धरते: माझ्या सोयीनं दुसऱ्याचा वेळ वाढतो की कमी होतो?

पण त्यातली एक गोष्ट मला अजून टोचते. आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. त्यातल्या एखाद्या बापानं हंगाम संपवून गावी परतताना लेकरांना बाजीरावाचा वाडा दाखवायचं ठरवलं, तर त्याला मोबाईलवर पैसे भरणं जमेलच असं नाही. तो खिडकीवर उभा राहणार, वेळही जास्त देणार आणि तिकिटाला पाच रुपयेही जास्त देणार. ज्याच्याकडे कमी, त्याला दर जास्त. हे मला पटत नाही. मोबाईलला सवलत असू द्या, पण रोखीची खिडकी कधीही बंद होता कामा नये. सुट्टीच्या दिवशी दोन खिडक्या उघडाव्यात. रांगेवर सावली, प्यायचं पाणी आणि चार बाक असावेत. ज्येष्ठ, अपंग आणि लेकुरवाळ्या बायांसाठी वेगळी रांग जरूर असावी, पण सोबत एकच माणूस, हा नियम लिहून लावावा. नियम लिहिलेला असला की रखवालदाराला भांडावं लागत नाही आणि आजीला आडून कुणाला जाता येत नाही.

आणि एवढं करूनही कधी रांगेत उभं राहावं लागलंच, तर राहावं. सामायिक किती वेळाचं? ४८ मिनिटांचं. तेवढा वेळ आपण घरी एका जागी समभावानं बसतो ना? रांगेत ती समता किती टिकते हे कळतं. मी मनात नवकार म्हणते. माळ हातात नसली तरी बोटांच्या पेरांवर होतं. मुलं कंटाळली की त्यांना विचारते, वाड्याचे पाच दरवाजे सांगा. दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि जांभूळ. हे पाठ होईस्तोवर रांग बरीच पुढं सरकते.

नातवंडं वाड्यातलं काय लक्षात ठेवतील ते सांगता येत नाही. कारंजं विसरतील, इसवी सन विसरतील. पण आपली आजी रांगेत कशी वागली, हे ती बघत असतात. ओळख काढून आत नेलंत तर ओळख काढायला शिकतील. पहाटे उठवून नेलंत तर पहाटे उठायला शिकतील. तेव्हा या वर्षी बेत करताना आधी वार बघा, तिथी बघा, तिकीट काढा, दशम्या आणि उकळलेलं पाणी बांधून घ्या आणि लवकर निघा. एवढं केलंत तर कुणाला फोन करायची वेळच येणार नाही.

जय जिनेंद्र.