इथेनॉल कोणाच्या इंजिनासाठी?

वर्ध्याला लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयापाशी दोन प्रकारची वाहने रोज शेजारी शेजारी उभी राहतात. एक टर्बोचार्जर बसवलेली नवी मोटार आणि दुसरी, खेड्यातून रुग्णाला मागे बसवून आणलेली जुनी मोटारसायकल. दोघींच्या टाकीत पडते ते इंधन एकच: वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. समता या शब्दाचा इतका स्वस्त अर्थ क्वचितच कोणी लावला असेल.

टर्बो इंजिनाला इथेनॉल मानवते, हे मान्य केले पाहिजे. धुराच्या झोताने फिरणारा टर्बोचार्जर सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो. दाब फार वाढला की पेट्रोल अवेळी पेट घेते आणि इंजिन ठोकू लागते. इथेनॉल तसे सहजी पेटत नाही, शिवाय त्याची वाफ होताना आतली हवा थंड होते. म्हणून दाब आणखी वाढवून अधिक ताकद काढता येते. पण अशी मोटार पूर्णपणे इथेनॉलवर न्यायची तर इंधन जास्त सोडणारे पंप व इंजेक्टर, इथेनॉलने न फुगणाऱ्या रबरी नळ्या आणि नियंत्रक संगणकाची नवी जुळणी हवी. कारण पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची अट वेगळी. हा खर्च हौसेने करणाऱ्याची हौस त्याला लखलाभ होवो.

मोटारसायकलवाल्याने मात्र कसलीही हौस केलेली नाही. त्याचे इंजिन जुन्या मापाचे आहे, आणि इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच जुन्या रचनेच्या दुचाकींची इंधनक्षमता ३ ते ४ टक्के आणि चारचाकींची ६ ते ७ टक्के घटेल असे सांगितले होते. ऊर्जेतील ही तूट भरून निघावी म्हणून मिश्र इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त असावे, असेही त्याच अहवालात म्हटले होते. पहिले विधान खरे ठरले, दुसरे फडताळात पडून राहिले. इथेनॉलची सरासरी खरेदीच लिटरमागे ७१ रुपयांवर गेली, असे उत्तर सरकारने २०२५ मध्ये दिले. म्हणजे धोरणाचा भार वाहायचा तो मोटारसायकलवाल्याने!

ब्राझीलचा दाखला दर भाषणात दिला जातो. त्या देशाने १९७५ मध्ये हा कार्यक्रम हाती घेतला आणि २००३ पासून दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या मोटारी बाजारात आणल्या. तिथल्या पेट्रोलमध्येही मिश्रण सक्तीचे आहे; परंतु पंपावर इथेनॉल वेगळे मिळते, आणि त्याचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांहून कमी असेल तरच ग्राहक ते भरतो. आपण ब्राझीलची सक्ती आणली, निवड तिकडेच ठेवली.

यात शेतकऱ्याचे हित आहे, हा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ नाही. कारखान्यांच्या हाती पैसा आल्याने ऊस उत्पादकांची थकबाकी चुकती होण्यास मदत झाली. पण कोणता शेतकरी? नीती आयोगाच्याच हिशेबाने उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी खर्ची पडते. वर्ध्याचा कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवणारा कोरडवाहू शेतकरी या हिशेबात कुठेच बसत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या चिंतेने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंदी आली, आणि हा उद्योग अन्नाच्या ताटाला किती चिकटलेला आहे ते उघड झाले. जमिनीचा पहिला हक्क गावाच्या अन्नाचा, हे जे. सी. कुमारप्पा सावंगीपासून जवळच असलेल्या मगनवाडीत बसून सांगत होते. खनिज तेलावरची अर्थव्यवस्था साठा उपसणारी, हेही त्यांनीच सांगितले होते. तेव्हा इथेनॉलला सरसकट विरोध करणे त्यांच्या विचाराशी सुसंगत ठरणार नाही. प्रश्न ते कशापासून काढायचे, याचा आहे.

पानिपत येथे भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. कापूस वेचून झाल्यावर वर्ध्याच्या शेताशेतात पऱ्हाटी उभी राहते. ती चुलीत जाते किंवा बांधावर जाळली जाते. तिचा भाव शेतकऱ्याच्या हाती पडेल असा प्रकल्प विदर्भात मागितला पाहिजे. आणि तोवर प्रत्येक पंपावर जुन्या वाहनांसाठी कमी मिश्रणाचे पेट्रोल वेगळे मिळावे, वीस टक्के मिश्रणाचा भाव त्यातील ऊर्जेच्या प्रमाणात उतरवावा, ही मागणी तालुक्या-तालुक्यातून तहसीलदारांमार्फत पेट्रोलियम मंत्रालयाकडे गेली पाहिजे.