कान, डोळे आणि परवाना

वाहन चालविणे ही दिसावयास सोपी, परंतु मोठ्या जबाबदारीची कला आहे. ज्याच्या हाती वाहनाचे चाक असते, त्याच्या हाती स्वतःचेच नव्हे, तर रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाचे प्राण असतात. म्हणूनच परवाना देण्यापूर्वी शासन परीक्षा घेते, आणि ते योग्यच आहे. ती परीक्षा डोळ्यांची असावी, नियमांच्या ज्ञानाची असावी, हातापायांच्या कौशल्याची असावी, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो कानांविषयी. मोटार किंवा मोटारसायकल चालविण्याचा साधा परवाना हवा असेल, तर श्रवणाची परीक्षा सक्तीची असावी काय? ज्यास ऐकू येत नाही, त्यास परवाना नाकारावा काय?

हा प्रश्न मूठभर माणसांचा नाही. २०११ च्या जनगणनेत भारतातील सुमारे ५० लाख लोकांना श्रवणदोष असल्याची नोंद झाली. जेथे गावे विरळ आणि अंतरे लांब, तेथे तर या प्रश्नाचे महत्त्व अधिकच आहे. अमरावती जिल्ह्यातील धारणी तालुका मेळघाटच्या डोंगरांत वसलेला आहे. जिल्ह्याचे ठिकाण धारणीपासून सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे. अशा मुलखात मोटारसायकल ही चैन नव्हे. आठवडी बाजारास माल न्यावयाचा, कामाच्या ठिकाणी वेळेवर पोचावयाचे, आजारी माणसास दवाखान्यात न्यावयाचे, तर तिच्यावाचून अडते. तेथील एखाद्या कर्णबधिर तरुणास परवाना नाकारणे म्हणजे त्याच्या पायांत बेडी घालणेच होय. उलटपक्षी, त्यास परवाना देण्यात खरोखर धोका असेल, तर इतरांचे प्राण पणास लागतात. दोन्ही पारड्यांत माणसेच आहेत. म्हणून हा तराजू न्यायाने धरावयास हवा.

श्रवणाची परीक्षा हवी असे म्हणणाऱ्यांची बाजू प्रथम पाहावी. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीस जाणारा रस्ता नागमोडी वळणांचा आहे. जेथे वळणापलीकडचे दिसत नाही, तेथे भोंग्याचा आवाजच समोरच्या वाहनाची वर्दी देतो. मागून पुढे जाऊ पाहणारा ट्रकही भोंगाच वाजवितो. ज्यास हा इशारा ऐकू येत नाही, तो स्वतः संकटात सापडेल आणि इतरांसही संकटात लोटेल, असे त्यांचे म्हणणे आहे. ते पोकळ नाही. भोंगा उपयोगी आहे, यात शंका नाही.

परंतु एखादी गोष्ट उपयोगी असणे वेगळे आणि तिच्यावाचून चालणारच नाही, असे असणे वेगळे. वळणावर सुरक्षित राहण्याचा खरा उपाय कोणता? वेग कमी करावा, डावी बाजू सोडू नये, वळणावर दुसऱ्याच्या पुढे जाऊ नये आणि अरुंद घाटात चढ चढून येणाऱ्या वाहनास आधी वाट द्यावी. यांपैकी एकाही गोष्टीस कान लागत नाहीत. शिवाय हाच रस्ता मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. तेथे रस्ता ओलांडणारे सांबर किंवा रानगवा भोंगा वाजवून येत नाही. पायी शाळेत जाणारे मूल, डोक्यावर मोळी घेतलेली स्त्री, वाटेत बसलेली गुरे, यांच्यापैकी कोणाजवळ भोंगा असतो? जो केवळ भोंग्याच्या भरवशावर वळण घेतो, त्याचे कान कितीही तीक्ष्ण असले, तरी या सर्वांना त्याच्यापासून भय आहे. जो डोळ्यांत तेल घालून वाहन चालवितो, त्याच्यापासून ते भय उरत नाही.

ज्यांना ऐकू येते, त्यांना तरी रस्त्यावर कितीसे ऐकू येते? हंगामात वऱ्हाडातील रस्त्यांवरून कापसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर धावतात. त्यांच्या धडधडाटात मागच्या मोटारीचा भोंगा चालकाच्या कानी पडणे कठीणच. काचा बंद करून मोठ्याने गाणी लावणारा मोटारवाला, किंवा कानांत इअरफोन घालून मोटारसायकल हाकणारा तरुण तर आपण होऊन बहिरा होतो. श्रवणाची परीक्षा घेतली असती, तर तो पूर्ण गुणांनी उत्तीर्ण झाला असता! ऐकू येणे आणि लक्ष देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. इशारा या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देणाऱ्यास परीक्षेचा कोणता कागद रोखणार?

रुग्णवाहिकेचेही उदाहरण पाहण्याजोगे आहे. तिच्या दर्शनी भागावर तिचे नाव पुष्कळदा उलट्या अक्षरांत लिहिलेले असते. पुढील चालकाने आरशात पाहिले, की ती अक्षरे सुलट दिसतात. माथ्यावर लुकलुकणारा दिवाही असतो. केवळ कानांस हाक मारून भागत नाही, हे ती बनविणाऱ्यांनी कधीच ओळखले आहे.

आपल्या देशातील विचारही हळूहळू याच दिशेने गेला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार १९८९ मध्ये केंद्रीय नियम झाले. साधा ध्वनिसंकेत ऐकू येऊ नये इतके तुम्ही बहिरे आहात काय, असा प्रश्न त्यांतील अर्जात होता. या अटीमुळे कर्णबधिर उमेदवारास चालविण्याची चाचणी देण्यापूर्वीच अडविले जाई. तेव्हा ‘नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ’ या संस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. कर्णबधिर उमेदवारास चाचणी देऊ द्यावी आणि तो उत्तीर्ण झाल्यास त्यास परवाना द्यावा, असे न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले. पुढे २०१६ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वैद्यकीय तज्ज्ञांचे मत घेऊन राज्यांना कळविले, की वाहन चालविणे हे मुख्यतः दृष्टीचे काम असून त्यात श्रवणाचा वाटा अल्प आहे. आता साध्या परवान्यासाठी कानांची परीक्षा सक्तीची करणे म्हणजे प्रयासाने उघडलेले दार पुन्हा लावून घेणे होय.

इतर देशांचा अनुभवही बोधप्रद आहे. ब्रिटनमध्ये मोटार किंवा मोटारसायकल चालविणाऱ्यास आपला बहिरेपणा परवाना खात्यास कळवावाही लागत नाही. जपानमध्ये पूर्वी १० मीटरवरून ९० डेसिबलचा भोंगा ऐकू येणे आवश्यक होते. २००८ मध्ये त्या देशाने कायदा बदलला. मोटारीत रुंद आरसा आणि बाहेर फुलपाखराचे चिन्ह लावावे, म्हणजे पूर्ण बहिऱ्या व्यक्तीसही मोटार चालविता येईल, असे ठरविले. ते चिन्ह पाहून इतरांनी त्या मोटारीस दाटीवाटी करू नये, असा नियमही केला. दार लावण्याऐवजी त्यांनी आरसा मोठा केला!

याचा अर्थ कानांस कोठेच किंमत नाही, असा नव्हे. एसटीचा चालक वाहकाच्या घंटीवर गाडी थांबवितो आणि सोडतो. प्रवाशांची हाकही त्यास ऐकावी लागते. तेथे ऐकणे हा कामाचाच भाग आहे, म्हणून तेथे श्रवणाची तपासणी रास्त ठरते. तसेच, हक्काबरोबर कर्तव्यही येते. कर्णबधिर चालकाने आरसे स्वच्छ व योग्य कोनात ठेवावेत, वारंवार त्यांत पाहावे आणि वाहनावर ओळखीचे चिन्ह लावण्यात कमीपणा मानू नये. परीक्षा घेणाऱ्यानेही सूचना लिहून किंवा खुणांनी आधीच समजावून द्याव्यात, आणि मग परीक्षा मात्र तितकीच कसून घ्यावी. दया म्हणून दिलेला परवाना कोणाच्याच हिताचा नसतो.

परवाना हे कोणाच्या शरीरातील उणिवांचे प्रमाणपत्र नव्हे. ते कौशल्याचे आणि सावधपणाचे प्रमाणपत्र आहे. ज्याने ते कौशल्य आणि तो सावधपणा परीक्षकासमोर दाखविला, त्यास केवळ ऐकू येत नाही म्हणून परत पाठविणे न्यायाचे नाही. रस्ता सर्वांचा आहे. तो सुरक्षित ठेवावयाचा असेल, तर चालक काय ऐकतो यापेक्षा तो कसा चालवितो, हेच तपासावयास हवे.