बाहुली कुलपात

तंजावरकडच्या एका इनचार्ज सिस्टरांचे पत्र समोर आहे. त्यांच्या बालरुग्ण वॉर्डाला एका पालकाने तिथल्या प्रसिद्ध मान डोलावणाऱ्या दोन बाहुल्या दिल्या. कार्यालयाने त्या डेडस्टॉक रजिस्टरात चढवल्या, नंबर टाकला आणि फुटल्यास वसुली इनचार्जकडून, अशी समज दिली. तेव्हापासून बाहुल्या कपाटात आणि किल्ली सिस्टरांकडे. ऑडिटला मात्र त्या बाहेर येतात!

दीड वर्षाचे बाळ आईसाठी आकांत करते, नऊ वर्षांच्याला आपले काहीच चालत नाही याचा संताप येतो, चौदाव्या वर्षी पडदा नसलेली खाट छळते. हे तुम्हाला सांगायला नको. पण चार वर्षांच्याला सुई म्हणजे आपल्या खोडीची शिक्षा वाटते, आणि ती समजूत शब्दांनी जात नाही. आधी बाहुलीला सलाईन लावावे लागते, तेही त्याच्याच हातून. ते साधनच आपण कुलपात ठेवले.

संसर्ग नियंत्रणवाले म्हणतील, कागदाच्या लगद्याची बाहुली हायपोक्लोराइटने पुसता येत नाही. खरे आहे. मग पुसता येणारी आणा. कपाट हा त्यावर उपाय नव्हे.

आणि सगळे खापर कार्यालयावर कशाला? ‘रडलास तर इंजेक्शन देईन’ हे वाक्य आपल्यातलेच किती जण राउंडला हसत हसत बोलतात! तिसऱ्या दिवशी मूल गप्प झाले की ‘आता रुळले’ असे आपणच लिहितो. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या मुलीवर फिल्म काढून दाखवले, की ते गप्प होणे म्हणजे रुळणे नव्हे. इंग्लंडच्या प्लॅट समितीने १९५९ मध्ये आईला मुलाजवळ राहू द्या म्हटले. तंजावर मेडिकल कॉलेज सुरू झाले तेही १९५९ मध्येच. त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, याच गावात दुसऱ्या सरफोजीराजांच्या पदरी नेत्ररुग्णांचे कागद डोळ्यांच्या चित्रांसकट ठेवले जात. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात ते आजही आहेत. आपल्या टीपीआर चार्टवर मात्र मूल कशाला भ्याले, याला एक ओळ नाही.

इनचार्ज भगिनींनो, पुढच्या इंडेंटमध्ये बाहुल्या सिरिंज-कापसाबरोबर, उपभोग्य वस्तूंत मागा. फुटली तर खर्ची टाका. इंडेंट नामंजूर झाले, तर शेऱ्यासह त्याची प्रत आमच्याकडे पाठवा. शेरा जसाच्या तसा छापू.