मुलाचे पाय ताठत असतील तर



या सदरात आपण बियाणे, खते, गोठा याविषयी बोलतो. आज घरातल्या लेकराविषयी. पोर चवड्यावर चालते, टाच टेकत नाही, गुडघे एकमेकांना घासतात. घरचे म्हणतात, पोलिओ असेल. पण पोलिओत पाय लुळा पडतो, इथे तो ताठतो. शिवाय २०१४ सालीच भारत पोलिओमुक्त जाहीर झाला आहे.

असा ताठरपणा पुष्कळदा जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झाल्याने येतो. काही घरांत मात्र तो वंशातून उतरतो. कधी आई-बापांपैकी एकाकडूनच. तेव्हा प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव निम्मा असतो. कधी दोघेही धडधाकट, पण दोघांतही तोच दोष लपलेला; मग संभव चारात एक. नात्यातल्या लग्नांत हा दुसरा प्रकार अधिक होतो. वळू घेताना वंशावळ विचारणारे आपण, इथे मात्र सगळा बोल सुनेला लावतो!

आजोबांची, आत्याची चाल अशीच होती का, हे डॉक्टरांना जरूर सांगा. वंशातला विकार पुढे हळूहळू वाढू शकतो, म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय जपून घ्यावा लागतो. आधी व्यायाम, गोळ्या, इंजेक्शने. (बॅक्लोफेनची गोळी मनाने एकदम बंद करू नका, ते धोक्याचे आहे.) टाचेवरची जाड शीर आखडली असेल तर ती लांबवतात. निवडक मुलांत कमरेच्या मणक्यात पायांकडून येणाऱ्या मज्जातंतूंचे काही धागे कापतात. कापलेले परत जुळत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. शस्त्रक्रियेने ताठरपणा उतरतो, ताकद येत नाही. काही पोरे त्या ताठरपणाच्याच आधारावर उभी असतात. तो गेला की पाय ढिले पडतात आणि आई-बाप घाबरतात, की होते तेही गेले. ताकद पुढे महिनोन्‌महिने रोजच्या व्यायामाने आणावी लागते, आणि तो घरच्यांनीच करून घ्यायचा असतो. व्यायाम शिकवणाऱ्यांकडून माप घेऊन अंगणात दोन बांबू समांतर बांधले, तर त्यांना धरून पोर चालायला शिकते. पट्टे सांगितले तितके तास घालावेत. रडते म्हणून काढू नयेत.

म्हणून मृगाच्या तोंडावर तारीख घेऊ नका. घर सारे पेरणीत आणि पोर खाटेवर, असे झाले तर खर्च पाण्यात. डॉक्टर चालेल म्हणत असतील तर खरिपाची सुगी उरकल्यावर करा. कोरडवाहू घराला तेव्हा सवड असते. व्यायाम कोण घेणार, त्या माणसाचे नाव आधी ठरवा. नुसत्या आईवर टाकू नका, तिला धारही काढायची असते.

सुरुवात अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकापासून करा. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. जाताना जुने कागद न्या, आणि पोर चालतानाचे मोबाईलवर चित्रण करून न्या. दवाखान्यात पोरे बुजतात, नीट चालून दाखवत नाहीत.