स्कॅन पाहून गोळी ठरवता येईल का?

‘मेंदूचा एमआरआय काढला तर कुठली गोळी लागू पडेल ते आधीच कळेल ना?’ हा प्रश्न ओपीडीत नैराश्याच्या रुग्णांचे नातेवाईक विचारतात, आणि त्यांचे काही चुकत नाही. एक गोळी चार-सहा आठवडे घ्यायची, गुण आला नाही की दुसरी. तेवढ्यात रुग्णाची नोकरी जाते, कधी जीवही धोक्यात येतो. अमेरिकेतल्या स्टार-डी अभ्यासात सिटॅलोप्रॅमच्या पहिल्या टप्प्यात जेमतेम एक तृतीयांश रुग्ण लक्षणमुक्त झाले. आधीच उत्तर देणारी चाचणी आपल्यालाही हवीच आहे.

न्यूरोलॉजिस्ट हेलन मेबर्ग यांनी १९९७ मध्ये पेट स्कॅनवर दाखवले की मेंदूतल्या सिंग्युलेटच्या पुढच्या भागात चयापचय जास्त असलेल्या रुग्णांना औषधाचा गुण येतो, कमी असलेल्यांना येत नाही. पुढच्या अनेक अभ्यासांत याच भागाचे नाव पुन्हा आले. मात्र २०१८ मध्ये एम्बार्क चाचणीचे ईईजी निष्कर्ष आले, ते प्रत्येकाने नीट वाचावेत. या भागातली थीटा लहर जास्त असलेले रुग्ण सर्ट्रालिनवर अधिक सुधारले, आणि प्लासिबोवरही. म्हणजे हा रुग्ण सुधारण्याची शक्यता किती, एवढेच ती खूण सांगते. त्याला काय द्यावे, हे सांगत नाही. आपल्याला लिहायचे असते ते प्रिस्क्रिप्शन, आणि बहुतेक शोधनिबंधांत हा फरक पुसला जातो.

तो फरक पाळणारा अभ्यासही आहे. २०१३ मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या गटाला दिसले की उजव्या इन्सुलाच्या पुढच्या भागात चयापचय कमी असेल तर सीबीटी लागू पडते, जास्त असेल तर एस्सिटालोप्रॅम. प्रश्न अगदी योग्य विचारला होता, पण रुग्ण शंभरही नव्हते. लहान नमुन्यावर बेतलेले गणित त्या नमुन्यापुरते चोख उतरते आणि नवीन रुग्णापुढे कोलमडते. २०१७ मध्ये एमआरआयवरून नैराश्याचे चार जैविक प्रकार मांडले गेले. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाने आपल्या रुग्णांवर पडताळले तेव्हा ते टिकले नाहीत. २०२२ च्या एका मोठ्या जर्मन अभ्यासात तर एकेका मापावरून नैराश्याचा रुग्ण आणि निरोगी माणूस वेगळे ओळखण्याची अचूकता ५६ टक्क्यांपुढे गेली नाही.

म्हणून गोळी निवडण्यासाठी स्कॅन लिहून देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. उतारवयात प्रथमच आलेले नैराश्य, झटके, एका बाजूची कमजोरी, स्मृतीत झपाट्याने होणारी घसरण अशा वेळी एमआरआय जरूर करावा. तिथे प्रश्नच वेगळा असतो.

गोळीपुरता उपयोगी अंदाज मात्र आपल्या हातात आहे. २००९ मध्ये सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीचे एकत्र विश्लेषण झाले. दोन आठवड्यांत हॅमिल्टन गुणांकात २० टक्केही सुधारणा न दिसलेल्यांपैकी फार थोड्यांना पुढे टिकाऊ गुण आला. तेव्हा पहिल्या भेटीत पीएचक्यू-९ भरून घ्यावा, चौदाव्या दिवशी पुन्हा भरून घ्यावा, दोन्ही आकडे केसपेपरवर शेजारी शेजारी लिहावेत. फरक नगण्य असेल तर गोळ्या नियमित घेतल्या जातात का, डोस पुरेसा आहे का, दारू किंवा थायरॉइड आड येते आहे का, आधी कधी उन्मादाचा झटका आला होता का, हे त्याच भेटीत विचारावे.