स्मरणरंजनातून निसटलेली वेदना : ‘ट्रॉन’ नावाच्या एका यंत्राविषयी

‘नॉस्टॅल्जिया’ला मराठीत आपण स्मरणरंजन म्हणतो. शब्द सुबक आहे आणि आता पुरता रुळलाही आहे. पण तो घडवताना मूळ शब्दाचा गाभा आपल्या हातून निसटला. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून हे नाव तयार केले. होफरच्या लेखी तो एक आजार होता. मायदेशापासून दुरावलेली माणसे त्याने खंगत. आपल्या शब्दात परतणेही उरले नाही आणि वेदनाही. उरले ते रंजन. त्यामुळे एखाद्याने गतकाळाविषयी हळवे होऊन काही लिहिले, की ‘हे निव्वळ स्मरणरंजन आहे’ एवढे म्हणून समीक्षक मोकळा होतो. शब्दच त्याला तशी मुभा देतो.

ही मुभा तपासून पाहण्यासाठी मी मुद्दाम एक हलके समजले जाणारे उदाहरण घेतो आहे. १९८२ साली बॅली मिडवे या अमेरिकी कंपनीने ‘ट्रॉन’ नावाचा, नाणे टाकून खेळायचा व्हिडिओ गेम आणला. त्याच वर्षी जुलैत प्रदर्शित झालेल्या, स्टीव्हन लिसबर्गर दिग्दर्शित डिस्नेच्या ‘ट्रॉन’ चित्रपटावर तो आधारलेला होता. आज पन्नाशी ओलांडलेले अनेक अमेरिकी लोक या यंत्राविषयी ज्या जिव्हाळ्याने बोलतात, जुनी यंत्रे हुडकून त्यांची डागडुजी करतात, तो प्रकार बाहेरून पाहणाऱ्याला पोरकट वाटू शकतो. मला तो तसा वाटत नाही.

आधी चित्रपटाविषयी थोडे. विज्ञानकथा अशी त्याची नोंद होत असली तरी त्याचा रूपबंध शुद्ध अद्भुतकथेचा आहे. केव्हिन फ्लिन या प्रोग्रॅमरने रचलेले खेळ त्याचा सहकारी स्वतःच्या नावावर खपवतो. पुरावा शोधायला गेलेला फ्लिन संगणकाच्या आतल्या जगात ओढला जातो. तिथे प्रोग्रॅम माणसांच्या रूपात वावरतात, त्यांना जिवावरचे खेळ खेळायला लावले जाते, आणि ‘यूजर’ नावाच्या अदृश्य शक्तीवर श्रद्धा ठेवणाऱ्यांचा छळ होतो. पाताळात उतरलेला नायक, जुलमी सत्ता, तिचा नाश आणि अखेर परत भूमीवर येणे : सगळे घटक ओळखीचे आहेत. सिड मीड आणि मोबियस यांच्या रेखाटनांमुळे त्याचे दृश्यरूप मात्र तोवर कोणी न पाहिलेले होते. (कथानक म्हणून तो बेताचाच आहे, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करायला हरकत नसावी.) खेळाने चित्रपटाच्या पहिल्या प्रदर्शनापेक्षा जास्त पैसा मिळवला, असे वारंवार लिहिले गेले आहे. आकड्यांचा वाद बाजूला ठेवला तरी लोकांच्या मनात खेळ अधिक खोल रुतला एवढे खरे, आणि त्याचे कारण त्या यंत्राच्या घडणीतच सापडते.

ते यंत्र काळ्या-निळ्या रंगाचे. आत जंबुपार किरणांचा दिवा, त्यामुळे पडद्याभोवतीची चित्रे अंधारात आपोआप उजळल्यासारखी दिसत. उजव्या हाताला अर्धपारदर्शक निळी जॉयस्टिक, तिला पिस्तुलासारखा चाप. डाव्या हाताला गोल फिरणारी चकती. खेळाचे चार भाग. प्रकाशाची भिंत मागे सोडत धावणाऱ्या दुचाकींचा पाठलाग, चक्रव्यूहातले रणगाडे, वळवळणाऱ्या ग्रिड बग्जमधून वाट काढत वेळेत मनोऱ्यापर्यंत पोचणे, आणि रंगीत विटांची भिंत फोडून शत्रूच्या शंकूत शिरणे. चारही पार पडले की पुढची, अधिक कठीण पातळी. या बारा पातळ्यांची नावे बहुतांशी संगणकभाषांची आहेत : कोबॉल, बेसिक, फोरट्रान, पास्कल. बाराव्या पातळीचे नाव ‘यूजर’. चित्रपटातल्या प्रोग्रॅमांना जो परमेश्वर वाटतो, त्याचेच नाव सर्वांत अवघड पायरीला दिलेले आहे; आणि यंत्रासमोर उभा राहून नाणी टाकणारा मुलगाही यूजरच आहे. हा श्लेष कोणी जाणीवपूर्वक केला असेल वा नसेल, संहितेत तो आहे.

पण त्या पातळीपलीकडे काही नाही. चित्रपटात शत्रूचा नाश होतो आणि फ्लिन घरी परततो. खेळात शंकू फोडला की पुन्हा पहिल्यापासून तेच, अधिक वेगाने. खेळाडूचे शेवटी मरणे अटळ आहे, कारण त्याशिवाय पुढचे नाणे पडणार नाही. धंद्याच्या या साध्या गरजेने कथेचा अर्थच उलटा केला. मूळ कथा परतण्याची होती. खेळाने तिच्यातले परतणे काढून टाकले. एका पाव डॉलरात मुलाला त्या अद्भुत जगात शिरता येई, पण तिथून विजयी होऊन कोणीच बाहेर येत नसे. होफरच्या शब्दाच्या दोन भागांपैकी वेदनेचा भाग असा यंत्रातच बसवलेला होता. चाळीस वर्षांनंतर त्या खेळाची ओढ वाटणाऱ्या माणसाला गतकाळ गोड वाटतो म्हणून ती ओढ लागते, हे स्पष्टीकरण म्हणूनच मला अपुरे वाटते. त्याला आठवते ते एक अपूर्ण राहिलेले काम.

यावर कोणी म्हणेल, मग आज पूर्ण करावे की! जुन्या यंत्रांतले प्रोग्रॅम घरच्या संगणकावर चालवणारी ‘मेम’ ही प्रणाली १९९७ पासून उपलब्ध आहे. प्रश्न असा, की त्यातून परत मिळते ते काय? आपल्या परिचयातले उदाहरण घ्यायचे तर भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तिचे मोल वादातीत आहे. पण देवळाच्या ओसरीवर ऐकलेले भारत तिच्यात शोधू गेलो तर सापडणार नाही, आणि हा त्या आवृत्तीचा दोष नव्हे. ‘मेम’ खेळाची संहिता जपते, अक्षर न् अक्षर जपते. चकतीच्या जागी माऊस येतो, चापाच्या जागी कळ, आणि नाणे तर कळ दाबली की फुकट पडते. हाताला जे ठाऊक होते ते हाताला मिळत नाही. पुढच्या खेळाची पाळी राखण्यासाठी काचेच्या कडेवर नाणे ठेवून मागे उभा राहणारा अनोळखी मुलगा तर कुठल्याच प्रतीत उतरणार नाही.

स्वेतलाना बॉइम यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात दोन वृत्तींचा भेद केला आहे : एक, हरवलेले घर पुन्हा बांधू पाहणारी, दुसरी, हरवण्यावरच रेंगाळून विचार करणारी. उद्योगसंस्थांना पहिलीत रस असतो, कारण बांधकाम विकता येते. २००९ साली सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनच्या वेळी चित्रपटातले फ्लिनचे पार्लर उभारण्यात आले आणि ‘स्पेस पॅरानॉइड्स’ हा चित्रपटातला काल्पनिक खेळ खरोखरच्या यंत्रात घालून ठेवला गेला. १९८२ मध्ये असा खेळ कोणी खेळलेलाच नव्हता! जे कधी नव्हते त्याची आठवण तयार करून देणे, ही त्या वृत्तीची परिसीमा म्हणावी लागेल.

तरीही पुढच्याच वर्षी आलेल्या ‘ट्रॉन : लेगसी’ला मी या खात्यात टाकणार नाही. त्यात फ्लिनचा मुलगा धुळीने भरलेल्या बंद पार्लरमध्ये येतो, ‘ट्रॉन’च्या यंत्रावरचे आवरण काढतो, नाणे टाकू पाहतो. नाणे घरंगळून खाली पडते आणि त्याला फरशीवरचे ओरखडे दिसतात. यंत्रामागे दार आहे. आत वीस वर्षे अडकून पडलेला बाप आहे, आणि तो शेवटी परतत नाही. कथासूत्राचा वारसा हा चित्रपट १९८२ च्या चित्रपटाकडून सांगत असला, तरी अंतःसूत्र त्याने खेळाकडून उचलले आहे. २०२५ मधल्या ‘ट्रॉन : अ‍ॅरिस’मध्येही जुन्या ग्रिडचे दर्शन घडते, पण तिथे ते पाहुण्याला दाखवायच्या वाड्यासारखे वाटले.

आपल्याकडे हे यंत्र किती जणांनी पाहिले असेल, कोण जाणे. त्यातल्या प्रकाशाच्या दुचाकींचे मूळ मात्र १९७६ च्या ‘ब्लॉकेड’ या खेळात आहे, आणि त्याच कुळातला साप १९९७ पासून नोकियाच्या फोनवर येऊन बसला. एस. टी.च्या थांब्यावर, लेक्चर चुकवून कँटीनमध्ये, अंगठ्याने तो साप वळवणारी एक मराठी पिढी आता वर्गात शिकवू लागली आहे. तो सापही जेवढा वाढे तेवढी त्याची जागा कमी होई, आणि शेवटी तो स्वतःलाच धडके.