एका अभियंत्याचा फावला वेळ

लग्नाच्या वयाच्या मुलामुलींची जी माहितीपत्रके आपल्या गावागावांतून फिरत असतात, त्यांतील दोन रकाने आम्हांस नेहमीच उद्बोधक वाटत आले आहेत. पहिला वार्षिक उत्पन्नाचा. तो ठसठशीत आकड्यांनी भरलेला असतो. दुसरा छंदांचा. तेथे 'वाचन, संगीत, प्रवास' हे तीन शब्द सरकारी शिक्क्याप्रमाणे उमटलेले असतात. मुलगा पुण्यास किंवा बंगळुरास संगणकाच्या कंपनीत असला की बोलणी पहिल्या रकान्यावरच संपतात. दुसऱ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील किती घरांतील मुले आज या व्यवसायात आहेत हे वाचकांस सांगावयास नको. ती काय मिळवितात हे आपणांस पैशापर्यंत ठाऊक असते. कचेरी सुटल्यावर ती आपल्या बुद्धीचे काय करतात, हे आपण विचारीत नाही. ज्या गृहस्थांविषयी आज आम्ही लिहीत आहोत, त्यांची सारी कीर्ती या दुसऱ्या रकान्यातील आहे.

ब्राम मोलेनार हे नाव आमच्या बहुसंख्य वाचकांनी ऐकलेले नसेल. परंतु त्यांच्या घरातील संगणक-अभियंत्यास ते विचारून पाहावे. मोलेनार यांचा जन्म १९६१ सालचा, नेदरलँड्समधील. डेल्फ्ट येथील तंत्रविद्यापीठात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. पुढे छायाप्रती काढणाऱ्या मोठ्या यंत्रांच्या कामात आणि २००६ पासून गूगल कंपनीच्या झुरिक येथील कचेरीत त्यांनी नोकरी केली. हा झाला उदरनिर्वाह. त्यांचे खरे काम मात्र १९८८ साली एका घरगुती 'अमिगा' संगणकावर सुरू झाले होते, आणि तेही कोणी सांगितले म्हणून नव्हे. अमेरिकेत बर्कले येथे बिल जॉय यांनी १९७६ साली रचलेला 'व्ही-आय' नावाचा मजकूर-संपादक मोलेनार यांच्या हातात बसला होता, आणि घरच्या यंत्रावर तसा चांगला संपादक मिळेना. तेव्हा दुसऱ्या कोणी केलेली एक विनामूल्य नक्कल घेऊन ते ती सुधारीत बसले. त्यातून 'व्हिम' निर्माण झाला. प्रथम या नावाचा अर्थ 'व्ही-आयचे अनुकरण' असा होता. पुढे तो 'सुधारलेला व्ही-आय' असा झाला. फ्रेड फिश नावाचे एक अमेरिकन गृहस्थ अशा विनामूल्य आज्ञावल्या गोळा करून क्रमांक घातलेल्या चकत्यांवर वाटीत असत. त्या मालेतील ५९१ व्या चकतीवर १९९१ साली व्हिम जगापुढे आला.

मजकूर-संपादक म्हणजे काय, हे ज्यांस छापखाना ठाऊक आहे त्यांस चटकन कळेल. जुन्या छापखान्यातील जुळारी खिळ्यांच्या घरांकडे न पाहता हात टाकी आणि नेमके अक्षर उचली. आज्ञावली लिहिणाऱ्यास तसेच एक साधन लागते. व्हिममध्ये बोटे कळफलकावरून उचलावी लागत नाहीत. एकच कळ एका अवस्थेत अक्षर उमटविते आणि दुसऱ्या अवस्थेत ओळच्या ओळ हलविते किंवा पुसते. शिकावयास कठीण, परंतु एकदा हात बसला की सुटणे कठीण. नवशिक्यांस त्यातून बाहेर कसे पडावे हेच समजत नाही, हा या व्यवसायातील कायमचा विनोद आहे.

येथवरची हकीकत एखाद्या हौशी कारागिराची झाली. छंद पुष्कळांस असतात. आम्हांस लेखणी हाती घ्यावीशी वाटली ती पुढील गोष्टीमुळे.

युगांडा हा देश आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस आठवतो तो १९७२ साली इदी अमीनने तेथील आशियाई लोकांस नव्वद दिवसांच्या मुदतीत हाकलून दिले म्हणून. त्या देशाच्या दक्षिणेस, टांझानियाच्या सीमेलगत राकाई नावाचा जिल्हा आहे. १९८२ च्या सुमारास व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी कोळ्यांच्या वस्तीत माणसे झिजून मरू लागली. लोक त्या रोगास 'बारीक होण्याचा रोग' म्हणत. तो एड्स होता. १९९४ साली मोलेनार या जिल्ह्यातील किबाले येथील बालकेंद्रात वर्षभर स्वयंसेवक म्हणून गेले. त्या वेळी या रोगास आवर घालणारा औषधोपचार कोठेच नव्हता. १९९६ नंतर तो श्रीमंत देशांत मिळू लागला, आणि गरिबांच्या आटोक्यात येण्यास २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने वर्षाकाठी ३५० डॉलर इतका उतरविलेला भाव बऱ्याच अंशी कारण झाला, हे अभिमानाने नमूद केले पाहिजे. मोलेनार यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या माहितीनुसार साडेतीन लक्ष वस्तीच्या त्या जिल्ह्यात आईबापांपैकी एक किंवा दोघेही गमावलेली सुमारे साठ हजार मुले होती.

तेथे त्यांनी संगणक शिकविला असेल असा वाचकांचा समज होईल. तसे नव्हे. केंद्राचा विस्तार करणे आणि पाणी व मलनिःसारण यांची सोय लावणे, या कामांत त्यांनी ते वर्ष घालविले. ज्याची बोटे कळफलकावर चालत त्याने नळ व शौचकूप यांची चिंता केली, कारण तेथे उणीव त्यांची होती. परत आल्यावर त्यांनी हॉलंडमध्ये एक लहानशी संस्था उभारली. एकेका मुलाच्या शिक्षणाचा, अन्नाचा व औषधाचा भार एकेका दात्याने उचलावा अशी योजना केली, आणि पैसा योग्य जागी जातो की नाही हे पाहण्यासाठी ते पुनःपुन्हा किबालेस गेले.

पैसा आणावा कोठून? व्हिमवर त्यांनी किंमत लावली नाही. हा संपादक हवा तितका वापरा, हव्या तितक्या प्रती वाटा. मात्र मनास येईल तर युगांडातील मुलांस काही द्या, एवढीच विनंती त्यांनी ठेवली. संपादक नुसता उघडला की पहिल्याच पडद्यावर ती ओळ दिसे. जगभरचे अभियंते हे साधन दररोज उघडीत आले आहेत, आणि बँकेची, विमानाची, इस्पितळाची आज्ञावली लिहिण्यापूर्वी त्यांच्या डोळ्यांखालून किबालेचे निराधार मूल जात आले आहे.

यावर आक्षेप घेणारे आहेत, आणि ते सर्वस्वी अयोग्य आहेत असे आम्ही म्हणणार नाही. कामाच्या हत्यारावर दानाची याचना कशासाठी? दूरच्या देशातील दारिद्र्य असे फलकावर मांडल्याने त्या लोकांचा मान राहतो काय? प्रश्न रास्त आहेत. परंतु ज्याने वर्षभर तेथे राहून काम केले, त्याची विनंती आणि दुरून कळवळणाऱ्याची विनंती यांत आम्ही भेद करतो. शिवाय या विनंतीत सक्ती तिळमात्र नव्हती. एक पै न देणाऱ्यासही संपूर्ण साधन मिळत होते.

मोलेनार यांचा एक दोषही सांगितला पाहिजे. व्हिममध्ये काय घ्यावे व काय घेऊ नये, याचा अखेरचा शब्द त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. साहाय्य पुष्कळांचे घेतले, पण किल्ली दिली नाही. एका तरुणाने सुचविलेला मोठा बदल त्यांनी स्वीकारला नाही, तेव्हा २०१४ साली काही मंडळी 'निओव्हिम' नावाने वेगळी चूल मांडून बसली. आपल्या सार्वजनिक संस्थांत वीस-वीस वर्षे एकच कार्यवाह पाहण्याची सवय असलेल्यांस यात नवल वाटणार नाही. नवल आहे ते निराळेच. वेगळे निघालेल्या त्या मंडळींनी पुष्कळ काही बदलले, परंतु पहिल्या पडद्यावरील युगांडाच्या मुलांची ओळ आपल्या संपादकातही तशीच ठेवली. आपल्याकडे मंडळे फुटतात तेव्हा प्रथम काय फुटते, हे वाचकांनी आठवून पाहावे.

आता आपल्याकडील समाजसेवेविषयी थोडे. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये ठराविक मर्यादेवरील कंपन्यांस आपल्या सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यास द्यावा लागतो. कायदा चांगला आहे, त्यातून चांगली कामेही झाली आहेत. परंतु त्याबरोबर एक रीतही रूढ झाली आहे. एका शनिवारी कंपनीच्या गाड्यांतून चाळीस तरुण येतात, एकसारखे सदरे घालून शाळेची भिंत रंगवितात, छायाचित्र काढतात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परततात. भिंत रंगते हे खरे. त्या शाळेस रंग हवा होता की गणिताचा शिक्षक, हे मात्र कोणी विचारलेले नसते. हा फावला वेळ कंपनीचा. मोलेनार यांनी दिला तो स्वतःचा होता, आणि देण्यापूर्वी काय हवे ते तेथे राहून पाहिले होते.

सीमाभागातील आपली वाचनालये, व्याख्यानमाला, तालमी, रात्रशाळा यांचा इतिहास आम्हांस या संदर्भात आठवतो. त्या धनिकांच्या देणग्यांवर उभ्या राहिल्या असतील. चालल्या त्या मात्र कारकुनांच्या, मास्तरांच्या आणि लहान दुकानदारांच्या संध्याकाळींवर. पुस्तके लावणारा, वर्गणीच्या पावत्या फाडणारा, व्याख्यात्यास स्थानकावर उतरवून घेणारा माणूस दिवसभर दुसरीकडे राबून आलेला असे. त्यांची नातवंडे आज बंगळुरास आहेत. त्यांच्या अंगी आजोबांपेक्षा अधिक विद्या आहे, आणि प्रवासात व कचेरीत जाणारे तास वजा जाता वेळ कमी आहे, हेही आम्ही जाणतो. तरीही ग्रंथसूची संगणकावर चढविणे, जुन्या अंकांच्या जीर्ण पानांची छायाचित्रे घेऊन ठेवणे, मराठी विश्वकोशवजा विकिपीडियात आपल्या गावाची धड माहिती लिहिणे ही कामे त्यांच्यावाचून कोण करणार? मराठी विकिपीडिया २००३ च्या मे महिन्यापासून अशाच बिनपगारी हातांनी वाढत आला आहे.

मोलेनार ३ ऑगस्ट २०२३ रोजी वारले. वय ६२. काम थांबेल की काय अशी शंका होती. परंतु त्यांच्या साहाय्यकांनी ते हाती घेतले, आणि जानेवारी २०२४ मध्ये निघालेली व्हिमची ९.१ ही आवृत्ती त्यांच्या स्मृतीस अर्पण केली.

गणेशोत्सवात ही मुले चार दिवस घरी येतात. आरती, मोदक, नातलगांच्या भेटी यांत ते दिवस सरतात. वाचनालयांच्या कार्यवाहांनी त्यांपैकी एखादी सकाळ मागून घ्यावी, जुन्या नोंदवह्या त्यांच्यापुढे ठेवाव्यात आणि काय करता येईल ते त्यांनाच विचारावे, अशी आमची सूचना आहे. देणगीची पावती त्या दिवशी पुढे करू नये.